मतचाचणी: 'जवानांच्या बाजूचे की निदर्शकांच्या?' हा प्रश्न चालेल का?

चिंचपोकळी_पूल

नमस्कार मंडळी. परळ, लालबाग, दादर भागातला आमचा वीस-बावीस जणांचा अभ्यासगट आहे. 'युद्ध नको' या विषयावर जाहीर सभा घ्यायचं घाटतंय. त्याआधी आजूबाजूच्या लोकांची मतचाचणी करून तिचे आकडे सभेत मांडायचे, असा बेत आहे. काढलेला प्रश्न असा:

'सीमेवर जवान प्राणांची बाजी लावत असताना युद्धविरोधी निदर्शने करणे योग्य आहे का? होय / नाही.'

गटातल्या काहींना हा पसंत नाही. त्यांचा पर्याय: 'तुम्ही जवानांच्या बाजूचे की निदर्शकांच्या?'

प्रश्न कोणता ठेवावा? किती लोकांना विचारलं म्हणजे पुरे? सभा आझाद मैदानात घ्यावी की सभागृहात? आणि सभेत जवानांसाठी निधीचा डबा फिरवायचाही विचार आहे, म्हणजे आम्हाला कोणी सैन्यविरोधी म्हणणार नाही. त्याला काही अडचण? गुगल फॉर्म तयार आहे, फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक सोडायची बाकी आहे.

नमुना_निवड

आधी ती लिंक सोडू नका. लिंक तुमच्या ओळखीच्यांत फिरेल, मग एखाद्या तापलेल्या ग्रुपवर जाईल आणि एका रात्रीत तीनशे उत्तरं एकाच बाजूची येतील. तो आकडा सभेत सांगितलात तर पहिल्या रांगेतला कोणीही तो उडवून लावेल.

दोन्ही प्रश्न बाद. पहिल्यात उत्तर प्रश्नातच कोंबलंय. 'प्राणांची बाजी' वाचल्यावर 'होय' म्हणायला कोण धजावेल? दुसरा त्याहून वाईट, कारण तो नसलेली निवड गळ्यात मारतो. हे युद्ध बरोबर की चूक, रस्त्यावर उतरलेले लोक बरोबर की चूक, आणि गणवेशातल्या माणसाविषयी काय वाटतं, ही तीन निरनिराळी मतं आहेत. एकच माणूस ती तिन्ही तीन दिशांना बाळगू शकतो.

व्हिएतनामच्या वेळचे अमेरिकेतले आकडे बघा. तिथे सैन्य पाठवणं ही चूक होती असं गॅलप या संस्थेच्या चाचणीत ऑगस्ट १९६५ मध्ये २४ टक्के म्हणत होते. ऑगस्ट १९६८ मध्ये ५३ टक्के, मे १९७१ मध्ये ६१. म्हणजे निम्मा देश युद्धावर उलटला होता. याच दरम्यान, ४ मे १९७० रोजी, ओहायोतल्या केंट स्टेट विद्यापीठात युद्धविरोधी निदर्शनांच्या वेळी नॅशनल गार्ड या राखीव सैन्यदलाच्या गोळीबारात चार विद्यार्थी मेले. लगेच झालेल्या चाचणीत ५८ टक्क्यांनी दोष विद्यार्थ्यांच्या माथी मारला, गार्डला दोष देणारे ११ टक्के. युद्ध नकोसं झालेल्या लोकांनाच युद्धाविरुद्ध घोषणा देणारे त्याहून नकोसे झाले होते. तुमच्या दुसऱ्या प्रश्नात हा माणूस बसवायचा कुठे?

'जवानांना पाठिंबा आहे का' हेही विचारू नका. लोकनीती-सीएसडीएस या संशोधन संस्थेच्या पाहण्यांत देशातल्या संस्थांमध्ये विश्वासाच्या बाबतीत लष्कर सर्वात वर असतं. ज्या प्रश्नाला जवळजवळ सगळेच 'हो' म्हणणार, तो विचारून कागद वाया जातो. जिथे माणसं खरोखर विभागली जातात तिथे बोट ठेवा: लढाई चालू असताना सरकारच्या निर्णयावर जाहीर टीका करावी की लढाई संपेपर्यंत थांबावं? विरोधाची सभा आपल्या भागात झाली तर चालेल का?

युद्ध कोणतं तेही लिहा. युक्रेन, गाझा आणि आपली सीमा या तिन्हींवर एकाच माणसाची उत्तरं वेगळी येतात. नुसतं 'युद्ध' लिहिलंत तर प्रत्येक जण आपापल्या डोक्यातलं युद्ध धरून उत्तर देईल, आणि तुम्ही त्या सगळ्यांची बेरीज करत बसाल.

आता सगळ्यात महत्त्वाचं. 'परवानगी द्यावी का' आणि 'बंदी घालावी का' हे कागदावर एकाच नाण्याच्या दोन बाजू वाटतात, पण माणसं तसं वागत नाहीत. १९४० च्या सुमारास अमेरिकेत डोनाल्ड रग यांनी हे करून पाहिलं. लोकशाहीविरोधी भाषणांना परवानगी द्यावी का, या प्रश्नाला ६२ टक्के 'देऊ नये' म्हणाले. तशाच दुसऱ्या गटाला बंदी घालावी का विचारलं, तर 'घालावी' म्हणणारे ४६ टक्केच. देश तोच, विषय तोच, क्रियापद बदललं आणि १६ टक्के सरकले. तुमचा विषय थेट याच जातीचा आहे. म्हणून अर्ध्या फॉर्मवर एक शब्दरचना, अर्ध्यावर दुसरी, आणि सभेत दोन्ही आकडे सांगा. एकच सांगितलात तर तो तुमच्या सोयीचाच निघेल.

माणसं किती: नुसत्या हिशेबाने ४०० उत्तरं मिळाली की आकडा ५ टक्के इकडेतिकडे धरता येतो. पण ते चारशे जण चिठ्ठ्या टाकून निवडल्यासारखे हवेत. चार इमारतींतून शंभर-शंभर उचललेत तर एका इमारतीतले लोक बरेचसे एकसारखे बोलतात आणि चूक वाढते. मतदार यादीचे ४० भाग काढा, प्रत्येकातून १० उत्तरं. एवढं करूनही ६ टक्के धरून चाला. अर्ध्या-अर्ध्या फॉर्मची तुलना करताना दोन्हीकडे दोनशेच उरतात, तेव्हा १० टक्क्यांच्या आतला फरक दिसला तर त्यावर भाषण ठोकू नका.

यादीच्या एका भागात साधारण हजार-बाराशे नावं असतात. १० उत्तरांसाठी २५ नावं काढा. एक ते चाळीस यातला एक आकडा चिठ्ठीने काढायचा, तिथून सुरुवात करून दर चाळिसावं नाव. गिरणगावात इथे मोठी गोची होते: चाळ पुनर्विकासाला गेलेली असते, माणसं संक्रमण शिबिरात किंवा डोंबिवली-विरारला भाड्याने, नाव मात्र जुन्याच खोलीवर. अशा वेळी 'शेजारचे काका भेटले, त्यांनाच विचारलं' करायचं नाही. नाव गळालं म्हणून नोंदवा आणि पुढचं घ्या. नाहीतर दिवसभर घरी असणारे निवृत्त लोक तुमच्या नमुन्यात ठासून भरतील. आणि यादीत नाव नसलेले भाडेकरू, परप्रांतीय कामगार यांचं मत यात आलेलं नाही, हे सभेत स्पष्ट सांगा.

शिवडी_लोकल

नमुना_निवड यांच्याशी सहमत. प्रत्यक्ष दारात काय होतं तेवढी भर घालतो.

चाळीत दार उघडं असतं. तुम्ही खोली नंबर १४ शी बोलायला लागलात की १२, १३ आणि १५ गॅलरीत येऊन उभे राहतात. मग माणूस तुम्हाला उत्तर देत नाही, शेजाऱ्यांना देतो. सैन्य-युद्ध या विषयावर तर नक्कीच. उपाय: साधे प्रश्न तोंडी विचारा, नाजूक दोन प्रश्न वेगळ्या कागदावर. तो कागद त्याच्या हातात द्या, त्याने खूण करावी, घडी घालावी, सीलबंद पेटीत टाकावी. वाचता येत नसेल तर 'हो'ला गोल आणि 'नाही'ला चौकोन छापा. पेटीतला कागद मूळ फॉर्मशी जुळवायला दोन्हींवर एकच क्रमांक हवा. लोक तो बघतात आणि 'नाव कळणार का' विचारतात. क्रमांकाशेजारी नाव कुठेही लिहीत नाही, हे फॉर्म उघडून दाखवा.

टॉवरमध्ये उलटी तऱ्हा. वॉचमन गेटवरच थोपवतो. सेक्रेटरीला आधी पत्र द्या, त्यात विषय 'सार्वजनिक प्रश्नांवरील मतचाचणी' इतकाच ठेवा. 'युद्ध नको' असं छापलेला टी-शर्ट घालून कोणी दारात जायचं नाही, तिरंग्याचा बिल्ला लावूनही नाही. दोन्हींनी उत्तर हलतं. जोडीने जा, एक बाई हवीच. रोज संध्याकाळी साडेसात ते नऊ, रविवारी दहा ते एक. एक नाव सोडून देण्यापूर्वी तीन वेगवेगळ्या वेळी फेऱ्या. फॉर्म मराठी, हिंदी आणि उर्दू तिन्हींत लागतील, गुजरातीही ठेवलेली बरी. आधी २५-३० जणांवर चाचपणी करा, अडखळणारा प्रश्न तिथेच कळतो.

प्रत्येक फॉर्मवर तारीख टाका. अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष बुश धाकटे यांची लोकप्रियता ११ सप्टेंबर २००१ च्या आदल्या आठवड्यात ५१ टक्के होती, दोन आठवड्यांत ९० झाली. तुमची पाहणी अर्धी झाली असताना सीमेवर काही घडलं तर आधीचे आणि नंतरचे फॉर्म एकत्र मिसळू नका, ते दोन वेगवेगळ्या शहरांचे आकडे समजा.

खाकी_फाईल

परवानगीचं.

परळमध्ये उघड्यावर लाउडस्पीकर लावून सभा घ्यायचा विचार असेल तर सोडून द्या. केईएम, टाटा, वाडिया. रुग्णालयाभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र. शिवाजी पार्क तर २०१० पासून हायकोर्टाच्या आदेशाने शांतता क्षेत्र आहे. उघड्यावर म्हणजे आझाद मैदानच, आणि तिथेही राखून ठेवलेल्या भागातच.

पोलिसांकडच्या अर्जात लागतं ते: आयोजकांची नावं, पत्ते, ओळखपत्रं, तारीख आणि वेळ, अपेक्षित संख्या, वक्त्यांची यादी, विषय, मंच आणि ध्वनिक्षेपकाचा तपशील. पोचपावती घेतल्याशिवाय टेबल सोडू नका; नकार आला तर कोर्टात तोच कागद उभा राहतो. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७(३) खाली जमावबंदीचा आदेश एका वेळी १५ दिवसांपर्यंत निघतो, मुंबईत तो वरचेवर निघत असतो. तुमच्या तारखेला तो लागू आहे का हे आधी बघा. मोडला तर गुन्हा दाखल होतो.

संख्या फुगवू नका. २९ ऑगस्ट २०२५ च्या मराठा आरक्षण आंदोलनाला मिळालेली परवानगी ५,००० माणसांची आणि सकाळी ९ ते संध्याकाळी ६ ची होती. एवढ्या मोठ्या आंदोलनाला ही चौकट, तर तुम्ही २०० लिहा आणि २०० च आणा.

विषयावरून नकार येऊ शकतो. गाझाच्या प्रश्नावर आझाद मैदानात निदर्शनं करायला २०२५ मध्ये पोलिसांनी नकार दिला. डावे पक्ष हायकोर्टात गेले, २५ जुलैला याचिका फेटाळली गेली आणि देशातल्या प्रश्नांकडे बघा असं न्यायालयाने सुनावलं. पुढे नव्या अर्जावर परवानगी मिळाली, २० ऑगस्टला निदर्शनं झाली. तेव्हा पहिला नकार म्हणजे शेवट नाही. नवा, नेमका अर्ज करायचा. राज्यघटनेच्या कलम १९(१)(ख) मधला हक्क शांततेने आणि विनाशस्त्र जमण्याचा आहे. अर्जाची भाषा तिथूनच घ्या.

पोलीस तुमच्या अर्जाकडे ११ ऑगस्ट २०१२ आठवूनच बघणार. त्या दिवशी आझाद मैदानातल्या सभेतून हिंसाचार झाला, दोघांचा जीव गेला आणि मैदानाबाहेरच्या अमर जवान स्मारकाची मोडतोड झाली. ते स्मारक १८५७ साली तिथेच तोफेच्या तोंडी दिलेल्या सय्यद हुसेन आणि मंगल गडिया या दोन शिपायांचं. स्वयंसेवकांची एक फळी त्या बाजूला उभी करणार असं अर्जातच लिहिलंत तर काम हलकं होतं.

फलकांबद्दल दोन गोष्टी. तिरंग्यावर एक अक्षरही छापायचं किंवा लिहायचं नाही, 'जय जवान' सुद्धा नाही. आणि हुबेहूब लष्करी गणवेश घालून कोणाला मंचावर उभं करू नका. जवान असल्याचं भासवण्याच्या हेतूने तसा वेश घालणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ खाली गुन्हा आहे, आणि तुमचा हेतू तो नव्हता हे सांगत बसण्याची वेळ कशाला आणायची?

पहिल्यांदाच घेताय तर सभागृह बरं. पोलीस ठाण्याला लेखी कळवा म्हणजे झालं.

गणवेशानंतर

सेवेतल्या जवानाला बोलवायचा विचारही करू नका. आर्मी रूल्स १९५४, नियम २०: राजकीय हेतूच्या सभेत किंवा निदर्शनात त्याला भाग घेता येत नाही. नियम २१ खाली वृत्तपत्रांशी बोलण्यावरही बंधन. 'माझा भाऊ रजेवर आलाय, दोन शब्द बोलेल' म्हणणारा कोणीतरी भेटेलच. भोगावं लागेल त्या भावाला.

निवृत्तांवर हे बंधन नाही. 'वन रँक वन पेन्शन'साठी २०१५ मध्ये जंतरमंतरवर माजी सैनिकच बसले होते. अमेरिकेत एप्रिल १९७१ मध्ये व्हिएतनामहून परतलेल्यांनी आपली पदकं संसदेच्या इमारतीसमोर भिरकावून दिली. आणि मुंबईत बोलताय तर १८ फेब्रुवारी १९४६ विसरू नका: 'तलवार' या नौदलाच्या तळावरच्या नौसैनिकांनी ब्रिटिशांविरुद्ध संप पुकारला आणि त्यांच्या बाजूने गिरणगाव रस्त्यावर उतरलं. जवान एकीकडे आणि निदर्शक दुसरीकडे, ही मांडणी या शहरात तरी तपासूनच वापरा.

डब्याचा हेतू मात्र मला खटकला. 'सैन्यविरोधी म्हणू नये म्हणून' निधी गोळा करणं म्हणजे जवानाला ढाल करणं. टीव्हीवरचे स्टुडिओवाले नेमकं हेच करतात, फक्त दुसऱ्या बाजूने.

पाहणीत एक प्रश्न घाला: 'तुमच्या घरात किंवा जवळच्या नात्यात कोणी सैन्यात आहे किंवा होतं का?' मुंबईतल्या बहुतेकांचा सैन्याशी संबंध गावाकडून येतो: सातारा, सांगली, कोल्हापूर. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावात पिढ्यान्पिढ्या घरटी माणूस फौजेत. त्या घरातला लालबागला राहणारा पुतण्या आणि ज्याने जवान फक्त पडद्यावर पाहिलाय तो, या दोघांची उत्तरं वेगळी मांडा. कोण जास्त गरम बोलतं याचा अंदाज आधीच कागदावर लिहून ठेवा आणि मग मोजा.

पावती_पुस्तक

डबा फिरवण्यात कायद्याचीही अडचण आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा १९५०, कलम ४१ क. नोंदणी नसलेल्या गटाला लोकांकडून धर्मादाय वर्गणी गोळा करायची तर धर्मादाय आयुक्तांकडे आधी जावं लागतं. मुंबईत ते कार्यालय वरळीला, सासमिराजवळ. गणेश मंडळांना हे सवयीचं आहे, तुमच्या सारख्या गटांना नसतं.

त्यापेक्षा एक फलक लावा आणि लोकांना स्वतः थेट द्यायला सांगा. सशस्त्र सेना ध्वजदिन निधी (१९४९ पासून ७ डिसेंबरला ध्वजदिन) हा माजी सैनिक आणि त्यांच्या कुटुंबांच्या कल्याणासाठी, केंद्रीय सैनिक बोर्डामार्फत. लढाईत मृत्यू किंवा अपंगत्व आलेल्यांसाठी 'आर्म्ड फोर्सेस बॅटल कॅज्युअल्टीज वेल्फेअर फंड', त्याचं संकेतस्थळ 'माँ भारती के सपूत'. सीआरपीएफ, बीएसएफ ही निमलष्करी दलं यात येत नाहीत, त्यांच्यासाठी 'भारत के वीर'; तिथे एका कुटुंबाच्या खात्यात १५ लाखांची मर्यादा आहे. लोक हे सगळं एकच समजतात आणि मग 'पैसे पोचले नाहीत' म्हणतात.

क्यूआर कोड स्वतः छापू नका. कोणी त्यावर दुसरा कोड चिकटवला तर नाव तुमचं जाईल. नुसता पत्ता लिहा. लष्कराच्या नावाने बँक खात्याचा नंबर देणारे फॉरवर्ड दर तणावाच्या वेळी फिरतात, ते मंचावरून वाचून दाखवू नका. करसवलत विचारणारे भेटतील: रोख २,००० रुपयांच्या वर ८०जी मिळत नाही, आणि नवी करप्रणाली घेतली असेल तर मुळीच नाही.

पैशापेक्षा माणूस लागतो. माजी सैनिक आणि वीरपत्नींना पेन्शनच्या 'स्पर्श' पोर्टलवर दरवर्षी हयातीचा दाखला भरावा लागतो. सत्तरीतल्या बाईंच्या बोटांचे ठसे घासलेले असतात, यंत्र ते घेत नाही, ओटीपी मुलाच्या जुन्या नंबरवर जातो आणि पेन्शन अडकतं. तुमच्या गटातल्या दोघांनी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारून महिन्यातला एक दिवस हे काम घेतलं तरी पुष्कळ. पण त्याचा फोटो सभेत लावू नका, गणवेशानंतर यांचा मुद्दा इथेही लागू.

चिंचपोकळी_पूल

सर्वांचे आभार. लिंक रद्द, डबा रद्द, सभागृह बघतो. सुधारलेला प्रश्न:

अ) 'भारत आणि शेजारी देश यांच्यात लढाई चालू असताना त्या लढाईला विरोध करणारी शांततापूर्ण सभा तुमच्या भागात होणार असेल, तर सरकारने तिला परवानगी द्यावी की देऊ नये?'

आ) तोच प्रश्न, शेवट '... सरकारने तिच्यावर बंदी घालावी की घालू नये?'

त्यानंतर लढाईचा निर्णय बरोबर की चूक हे वेगळं, मग नात्यात सैनिक आहे का ते. चालेल?

नमुना_निवड

बरंच बरं झालंय. 'शांततापूर्ण' शब्दाने परवानगीचा आकडा थोडा वर जाईल. ठेवायचा तर दोन्ही फॉर्मवर ठेवा आणि सभेत प्रश्न शब्दशः वाचून दाखवा. नात्याचा प्रश्न शेवटीच हवा. तो आधी आला की सगळी उत्तरं भावाच्या आठवणीत भिजून येतात.

'सांगता येत नाही' हा पर्याय वाचून दाखवू नका, पण कोणी म्हणालं तर नोंदवा. 'हो की नाही, एक काहीतरी सांगा ना' अशी गळ घालणारा स्वयंसेवक बदला. पेटीतल्या कागदावर मात्र तो पर्याय छापावाच लागेल, तिथे विचारायला कोणी नसतं.

अ आणि आ वेगळ्या रंगांच्या कागदांवर छापू नका, शेजाऱ्याचा कागद हिरवा का म्हणून दारात चर्चा सुरू होते. विषम क्रमांक अ, सम क्रमांक आ, आणि फॉर्म क्रमाने लावून गठ्ठा द्या. स्वयंसेवकाने वरचाच उचलायचा, चाळायचं नाही.